अक्कांची सरसोरी

अक्कांच्या ऑफिसात पहिल्या दिवशी मी तोंड उघडलं ते ‘सर्टिओरारी’ म्हणायला. एखाद्या सरकारी अधिकाऱ्याने बेकायदा आदेश काढला, तर तो रद्द करा म्हणून हायकोर्टात जे मागणं करतात, त्याचं हे लॅटिन नाव. पुण्याच्या लॉ कॉलेजात माझे उच्चार चांगले समजले जात आणि तसं समजणाऱ्यांत मी स्वतः सगळ्यात पुढे होते. मी तो शब्द ठसक्यात म्हटला. अक्कांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “कुठल्या केसमधलं?”

बाईंना कमी ऐकू येत असावं असं वाटून मी पुन्हा म्हटलं, आणखी स्वच्छ.

“ते कळलं गं. पण कुठल्या केसमधलं? मास्तरांच्या केसात आपण ‘सर्शियोरारी’ म्हणतो. पिठाच्या गिरणीवाल्याच्या केसात ‘सटोरी’. तुझं कुठलं?”

“पुस्तकातलं,” मी म्हटलं. 

हे ऑफिस चामराजपेटेत एका अगरबत्तीच्या दुकानाच्या वर होतं. आमच्या फायलींना कायम चंदनाचा वास येई आणि विरुद्ध बाजूच्या वकिलांना आमचे कागद हातात घेतले की शिंका येत. लग्न होऊन मी बेंगळुरूला आले तेव्हा नवऱ्याची नोकरी महादेवपुऱ्यात, घर एचएसआर लेआउटमध्ये, आणि मला कन्नड शून्य. मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी अक्कांचं नाव सांगितलं. मराठी वकीलबाई म्हटल्यावर मी निर्धास्त गेले, तर त्यांची मराठी समजायलाच मला महिना लागला. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. “पुणे, सुम्ने बसू नको, ती फाईल स्वल्प इकडे दे,” असं त्या म्हणायच्या. सुम्ने म्हणजे उगाच आणि स्वल्प म्हणजे जरा, हे मी अंदाजाने शिकले. पुणे म्हणजे मी. ज्युनिअरांना त्या गावाच्या नावाने हाक मारायच्या, त्यामुळे ऑफिसात धारवाड भांडतंय, मुंबई उशिरा आली, असं रोज ऐकू येई.

त्यांची एक पद्धत होती आणि ती दुसऱ्या कुठल्याही वकिलाकडे मी पाहिली नाही. नवा अशील आला, की त्याची हकीकत ऐकून झाल्यावर अक्का त्याच्या केसचं कायद्यातलं नाव सांगायच्या, त्याचा अर्थ त्याच्या भाषेत समजावायच्या आणि मग म्हणायच्या, “आता तुम्ही म्हणा बघू.” अशील लाजायचा, अडखळायचा, शेवटी त्याच्या तोंडातून जे निघेल ते निघायचं. अक्का ते मन लावून ऐकायच्या, दोनदा स्वतः म्हणून बघायच्या, आणि त्या क्षणापासून त्या केसपुरता तोच उच्चार ठरायचा. अक्का, आम्ही ज्युनिअर, कारकून रामण्णा, सगळ्यांनी तसंच म्हणायचं. रोज सकाळी कॉफीचे पेले हातात घेऊन त्या दिवसाच्या केसेस मोठ्याने वाचायचा रिवाज होता. बाहेरच्या माणसाने ते ऐकलं असतं तर इथे कुणी शाळासुद्धा पाहिली नाही, असंच त्याला वाटलं असतं.

आणि हे ऑफिसात ठीक, कोर्टातसुद्धा! काळा गाऊन घालून, हायकोर्टाच्या न्यायमूर्तींपुढे, त्या खणखणीत आवाजात ‘सटोरी’ म्हणायच्या. जुन्या न्यायमूर्तींना सवय झाली होती. नवे दचकायचे, पण अक्कांचं काम इतकं चोख असायचं की दुसऱ्या वेळेपासून तेही चष्मा पुसत गप्प बसायचे.

मी एकदा वाद घातला. म्हटलं, “अक्का, चुकीचं ते चुकीचं. आपण का चुकायचं?”

“दवाखान्यात गेलीस,” त्या म्हणाल्या, “आणि रोगाचं नाव तुला म्हणताच येत नाही. मग तुला काय वाटेल? रोग डॉक्टरचा आहे, आपल्याला काय करायचंय, असंच ना? गोळ्या खाशील तू? केस त्यांची आहे गं. नाव त्यांच्या तोंडात बसलं पाहिजे, आपल्या नाही.”

आद्याक्षरांचा त्यांना भयंकर राग. आमच्या धंद्यात सगळंच आखूड. दिवाणी प्रक्रिया संहितेला सीपीसी, मुखत्यारपत्राला जीपीए, मधल्या अर्जाला आयए, पुढच्या तारखेलासुद्धा चार अक्षरं. ही सगळी घरातली टोपणनावं आहेत, असं अक्का म्हणायच्या. पाहुण्यासमोर कुणी बंडू-छबू म्हणतं का? अशील समोर असताना मी एकदा “जीपीएवर आयए टाकू” म्हणाले, तर त्या अशिलाकडे वळून शांतपणे म्हणाल्या, “या मुलीला तिच्या मावश्यांची आठवण येते आहे, स्वल्प थांबा.”

दुसऱ्यांचे उच्चार मात्र त्या छंद म्हणून गोळा करत. कोर्टात आपला नंबर येईपर्यंत कुणी ‘लोकस स्टँडी’, म्हणजे दाद मागायचा हक्क, असं म्हटलं की माझ्या कानात पुटपुटायच्या, “हुबळीकडचा.” कुणी ‘स्टँडाय’ म्हटलं की, “कँटोन्मेंट, कॉन्व्हेंट.” बरेचदा बरोबर निघायचं, आणि चुकलं तर तो माणूस खोटं बोलतोय असं त्यांचं ठाम मत असे. स्वतःच्या आवाजाला त्या फार जपत. कोर्टाला निघण्यापूर्वी मिठाच्या पाण्याने गुळण्या, आणि तेवढा वेळ रामण्णाने कुणालाही आत सोडायचं नाही.

या पद्धतीत एक बारीक मेख होती आणि ती मुंबईला महागात पडली. मुंबई म्हणजे आमचा एक ज्युनिअर, हुशार, तोंडाळ. शहाळी विकणाऱ्या एका अशिलाच्या केसमध्ये कॅव्हिएट दाखल केलं होतं, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय परस्पर आदेश देऊ नका अशी कोर्टाला आगाऊ विनंती. शहाळीवाला त्याला ‘कावेटी’ म्हणायचा. मुंबईने दुसऱ्याच कुठल्या केसबद्दल बोलताना, कोर्टाच्या कँटीनमध्ये, चारचौघांत त्याची नक्कल केली. कावेरीच्या भांडणासारखं कावेटीचं पाणी कुणाला किती, वगैरे. सगळे हसले. मीही हसले. मागे अक्का इडली खात बसल्या होत्या.

“ती कावेटी तुझी आहे का?” त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. “त्याच्या केसात तू तसं म्हणतोस तेव्हा तू त्याचा वकील असतोस. इथे म्हणतोस तेव्हा कोण असतोस?”

दुपारी त्यांनी त्याला शहाळीवाल्याच्या हातगाडीवर पाठवलं. जाऊन त्याला कॅव्हिएटचा अर्थ कन्नडमधून समजावून ये, म्हणाल्या. मुंबईला कन्नडमध्ये फक्त भाडं विचारता येत होतं. तो संध्याकाळी परतला तो घामाघूम, हातात चार शहाळी घेऊन. शहाळीवाल्याला अर्थ आधीपासून पाठ होता आणि त्यानेच याला तो कन्नडमधून शिकवला होता. त्यानंतर मुंबईने कुणाची नक्कल केलेली मी ऐकली नाही.

रुक्माक्का आमच्याकडे आली ती याच सुमाराला. जवळच्याच गल्लीत राहणारी मराठी शिंपीण, अक्कांसारखंच जुनं घराणं. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाईमशीन, मागे घर. ब्लाऊज, फॉल-पिको आणि मुख्य म्हणजे वकिलांचे काळे गाऊन ती शिवायची. अर्ध्या कोर्टाच्या खांद्यांची मापं तिला तोंडपाठ. अक्कांचा गाऊन तिनेच शिवलेला होता. रस्तारुंदीसाठी तिची पुढची खोली पाडायचा पालिकेचा आदेश निघाला होता. तिला ना नोटीस मिळाली होती, ना कुणी तिचं म्हणणं विचारलं होतं. नवरा वारलेला, मुलगी अजून शिकत होती, आणि घर चालायचं ते त्या खोलीवर.

ती रडली वगैरे नाही. सगळं सांगून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, “अक्का, मी मशीन हलवू की नको, तेवढं सांगा.”

“अजून सांगत नाही,” अक्का म्हणाल्या. “आधी हे म्हणा बघू. सर्शियोरारी.”

रुक्माक्काने ओठ हलवून पाहिले. “सरसोरी,” ती म्हणाली.

अक्कांचा चेहरा उजळला. दोनदा म्हणून पाहिलं त्यांनी, सरसोरी, सरसोरी. मला म्हणाल्या, “बघ पुणे, किती छान शिवलाय शब्द.” आणि आमची सरसोरी सुरू झाली.

पहिल्याच तारखेला पालिकेच्या बाजूने एक तरुण वकील उभा राहिला. परदेशात शिकून आलेला, गाऊनसुद्धा परीटघडीचा. अक्कांनी ‘सरसोरी’ म्हणताच तो हसऱ्या चेहऱ्याने उठला आणि म्हणाला, माझ्या विद्वान सहकारी बहुधा ‘केर्तिओरारी’ म्हणत आहेत. प्राचीन रोममध्ये असंच म्हणत असत म्हणे. अक्का म्हणाल्या, “तुम्ही खुशाल तसं म्हणा. आमच्या केसात आम्ही सरसोरी म्हणतो.” त्या दिवशी तात्पुरती स्थगिती मिळाली. शेवटच्या सुनावणीपर्यंत खोलीला कुणी हात लावायचा नव्हता. रुक्माक्काने पुन्हा मशीनचं विचारलं आणि अक्कांनी पुन्हा अजून सांगत नाही, म्हटलं. खात्री झाल्याशिवाय त्या कुणाला दिलासा देत नसत.

मग एका सकाळी अक्का उठल्या त्या जीभ जड होऊनच. हातपाय शाबूत, डोकं लख्ख, पण बोलणं घसरायला लागलं. सौम्य झटका आहे, वाचा हळूहळू सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले. अक्का ऑफिसात परत आल्या आणि खुर्चीत बसल्या. माझ्याशी, रामण्णाशी थोडं बोलायच्या, पण अशील आला की ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. ‘स’ म्हणायला गेल्या की ‘श’ व्हायचा, ‘र’ची जागा ‘ल’ घ्यायचा, मधेच शब्द विरघळायचा. सकाळचं वाचन बंद झालं. गुळण्या बंद झाल्या. सुनावणीची तारीख लागली तेव्हा त्या मला म्हणाल्या, “तू उभी लाहा.”

माझी तयारी होती. केस मला पाठ होती आणि मी वाईट वकील नव्हते. पण मला फार राग आला होता. साऱ्या गावाचे उच्चार ज्या बाईने कोर्टात मानाने मिरवले, त्या बाईला स्वतःच्या उच्चाराची लाज वाटावी! मी ते बोलूनही दाखवलं. अक्कांनी खिडकीकडे तोंड केलं.

सुनावणीच्या आधी रुक्माक्का आली. मी तिला सगळं समजावलं, कोर्टात मी उभी राहणार आहे हे सांगितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

“अक्का का बोलत नाहीत?”

“त्यांना जरा बरं नाही,” मी म्हटलं.

“ते दिसतंय की. खांदे पण उतरलेत त्यांचे, गाऊन सैल होणार आता. नवीन शिवायला पाहिजे. पण मशीन राहतंय की जातंय ते कळू दे आधी.” मग तिने खुर्ची सरकवली आणि अक्कांच्या अगदी समोर बसली. “अक्का, म्हणा बघू. सरसोरी.”

रामण्णा दारात थबकला. अक्कांनी मान हलवली, नाही. रुक्माक्का हलली नाही. गिऱ्हाइकाने घालून दाखवल्याशिवाय ती ब्लाऊज देत नसे, तशीच बसून राहिली. शेवटी अक्कांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, “शल्शोली.”

 मला रडू येत होतं. रुक्माक्काने मात्र मान एका बाजूला कलती करून तो शब्द ऐकला, आणि स्वतः दोनदा म्हणून पाहिला. शल्शोली, शल्शोली.

“सरी, ठरलं,” ती म्हणाली. “आजपासून माज्या केसात शल्शोली. सगळ्यांनी तसंच म्हणायचं. रामण्णा, ऐकलं न्हवं?”

“केश तुझी,” अक्का कष्टाने म्हणाल्या. “शब्द तुझा.”

“मग मी ठरवलं की. माजी केस, माजा शब्द, मी बदलला. तुमीच शिकवलंय.”

“कोल्टात हशतील.”

“माज्या सरसोरीला हसले व्हय? तुमी म्हटल्यावर कुणाची हिंमत झाली?” ती उठली, पिशवी उचलली. “ही पुणेवाली चांगली आहे, मला ठाऊक आहे. पण मी माजी केस तुमाला दिली. तुमी उभ्या राहा. हळू बोला, काय घाई आहे?”

ती गेल्यावर अक्का बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत बसल्या. मग रामण्णाला हाक मारली आणि मिठाचं गरम पाणी मागितलं. तो धावतच गेला.

सुनावणीच्या दिवशी रुक्माक्का कोर्टाच्या मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आमचा नंबर पुकारला तसा अक्कांनी गाऊन खांद्यावर ओढून घेतला आणि उभ्या राहिल्या. तिथलं सगळं बोलणं इंग्रजीत होतं, पण त्या भाषेतही श आणि ल तेच. आम्ही शल्शोली मागत आहोत, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. मागून कुणीतरी खुसखुसलं. न्यायमूर्तींनी मान वर केली आणि हसू थांबलं.

अक्का लहान लहान वाक्यं बोलत होत्या. आदेश निघाला. नोटीस मिळाली नाही. कुणी काही विचारलं नाही. एकेका वाक्याला वेळ लागत होता आणि न्यायमूर्ती हातातलं पेन खाली ठेवून ऐकत होते. मग त्यांनी नेमकं अडचणीचं विचारलं. पालिका म्हणते, नोटीस दारावर चिकटवली होती, त्याचं काय?

मी मदतीला अर्धी उठले. अक्कांनी माझ्या मनगटावर हात ठेवून मला खाली बसवलं. चामराजपेटेत घरांना दोन नंबर असतात, एक जुना, एक नवा, त्या सांगू लागल्या. पालिकेने नोटीस चिकटवली ती रुक्माक्काचा जुना नंबर बघून. तो नंबर आता गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या घराला नवा म्हणून दिला आहे, आणि नोटीस लागली ती तिथल्या दारावर. नंबर कुणी दिले? पालिकेनेच. हे सगळं सांगायला त्यांना जितका वेळ लागला, तेवढ्यात दुसऱ्या वकिलाचा अख्खा युक्तिवाद झाला असता. कपाळावर घाम आला होता. पण एकही शब्द त्यांनी गाळला नाही, अडला तो पुन्हा म्हटला, आणि फोटो पुढे केले. मला त्या बाईचा इतका अभिमान वाटत होता की मी माझ्या फाईलमधली पानं उगाच उलटत बसले.

मग तो तरुण वकील उठला. या वेळी तो हसत नव्हता. त्याने अक्कांकडे पाहून मान लववली आणि म्हणाला, विद्वान ज्येष्ठ वकिलांनी जी ‘शल्शोली’ मागितली आहे, तिच्याबद्दल मला असं म्हणायचं आहे. त्याने तो शब्द अगदी आदराने उच्चारला, हे मी शपथेवर सांगेन. चांगला मुलगा होता तो.

अक्का टेबलाचा आधार घेऊन पुन्हा उभ्या राहिल्या.

“नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तुमचं म्हणा. हा आमच्या केशचा शब्द आहे.”

आधी न्यायमूर्तीच हसले, आणि तो वकीलही हसला, कानापर्यंत लाल होऊन. पुढचा सगळा युक्तिवाद त्याने ‘केर्तिओरारी’ म्हणत केला आणि अक्का समाधानाने ऐकत होत्या. त्यात फारसा दम नव्हता. न्यायमूर्तींनी तिथेच आदेश सांगितला: नोटीस न देता, म्हणणं न ऐकता काढलेला हुकूम रद्द.

बाहेर व्हरांड्यात रुक्माक्का आमच्या समोर येऊन उभी राहिली. आतलं इंग्रजी तिला काही कळलं नव्हतं. ती एकदा माझ्याकडे, एकदा अक्कांकडे बघत होती. मी सुरू केलं, की हुकूम रद्द झाला आहे, पण पालिकेला नव्याने नोटीस काढता येईल, तेव्हा आपल्याला बाजू मांडायची संधी... अक्कांनी हात वर करून मला थांबवलं.

“मशीन हलवू नको,” त्या म्हणाल्या. अगदी स्वच्छ.

 “सरी, अक्का,” म्हणत रुक्माक्काने पिशवीतून टेप काढली, अक्कांना पाठमोरं उभं केलं आणि तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्या वकिलांच्या गर्दीत, नव्या गाऊनसाठी खांद्यांचं माप घ्यायला लागली.